मोहोळ–वैराग कल्पित मालगाडी रेल्वे: इतिहास कुठे पचत नाही?

नॅरोगेज_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एचओ मापात, म्हणजे १:८७ ला, फक्त मालवाहतूक करणाऱ्या एका छोट्या रेल्वेचा मॉडेल लेआउट आखतोय. रेल्वे पूर्ण कल्पित, नाव ‘सीना खोरे लाइट रेल्वे’. मुलूख मात्र खरा, मोहोळ ते वैराग. लेआउटसोबत लाइनचा एक-दोन पानी इतिहास लावायचा आहे आणि तो जाणकारासमोर टिकला पाहिजे. कच्चा आराखडा असा:

१८८८ साली लंडनमधली एक कंपनी मोहोळ स्टेशनापासून वैरागपर्यंत मीटरगेज टाकते, साधारण ३५ किलोमीटर. १८९५ मध्ये लाइन पुढे तुळजापूरला जाते. सीनेवर दगडी कमानींचा पूल. माल म्हणजे कापूस, ज्वारी आणि १९०० पासून सिमेंट. १९५० ला डिझेल इंजिनं येतात, त्याच सुमारास सहकारी साखर कारखान्याचा ऊस सुरू होतो. १९९४ ला लाइन बंद.

तीन गोष्टी हव्यात. यातलं काय खोटं वाटतं? गाडी किती वाघिणींची (मालडब्यांची) असेल? आणि मोहोळला माल मोठ्या लाइनवर (ब्रॉडगेजवर) कसा चढवत असतील?

---

माळढोक७६२

मालक, आराखड्यात जीव आहे, पण पहिलंच वाक्य मागे घ्यावं लागेल.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोचली आणि रायचूरला १८७१ मध्ये, म्हणजे मोहोळ तुमच्या कंपनीआधीच मोठ्या लाइनवर होतं. तिथपर्यंत ठीक. मीटरगेज मात्र बसत नाही. आपल्याकडे मीटरगेज आली ती होटगी–गदगची, १८८० च्या दशकात, १८७६–७८ च्या दुष्काळानंतर. ती होटगीत सुरू होऊन विजापूरकडे जाते. मोहोळला मीटरगेज टाकली तर तिचा ना होटगीशी संबंध, ना आणखी कशाशी. वाघिणी अदलाबदल करता येत नाहीत, दुरुस्तीला इंजिन पाठवता येत नाही, आणि खर्च मात्र नॅरोगेजपेक्षा जास्त. असा सौदा कुठली कंपनी करेल?

गेज ७६२ मिलिमीटर ठेवा, अडीच फुटी. सालही पुढे सरकवा. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, बार्शी रोड (म्हणजे आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी, २१ मैल. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचं सगळं गणित एका आकड्यावर उभं होतं: कुठल्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळे यार्डाला (तीन फुटांना) ३० पौंडी हलका रूळ चालला. वाघिणी २५ फूट लांब, ७ फूट रुंद, दाबलेल्या पोलादाच्या सांगाड्यावरच्या. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची, ०-८-४ रचनेची (पुढे चाकं नाहीत, मधे जोडलेली आठ, मागे चार), वजन सुमारे २९ टन. हे सगळं हिंदुस्थानात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून लोकांना चालवून दाखवलं होतं. हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला, पण तो वेगळा विषय.

तात्पर्य, ही पद्धत चालते हे १८९७ नंतरच शेजारच्या तालुक्यात दिसलं. तुमच्या कंपनीचं धाडस त्यानंतरचं हवं. १९०३ ते १९१० मधलं कुठलंही साल घ्या. बार्शी लाइन १९०६ ला पंढरपूरला आणि १९११ ला लातूरला गेली, म्हणजे लाइट रेल्वेची हवा तेव्हा खरंच होती. विदर्भात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ लाइनही त्याच काळातली, त्याच गेजची, कापसासाठीच टाकलेली.

आता तुळजापूर. नकाशावर जवळ, पण वैरागच्या पुढे निजामाची हद्द. लाइन तिथे न्यायची तर हैदराबाद दरबाराची परवानगी, जमिनीचा वेगळा करार, हद्दीवर करोडगिरीचा (जकातीचा) नाका. शिवाय तिकडे निजामाचा हाली शिक्का, इकडे इंग्रजी कलदार रुपया, म्हणजे भाड्याचे हिशेब दोन नाण्यांत. बार्शी कंपनीने लातूरला जाताना हे सगळं निस्तरलं, कारण लातूरची बाजारपेठ तेवढी मोठी होती. ३५ किलोमीटरच्या कंपनीला ते झेपत नाही. त्यातून तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर, चढ काढायलाच निम्मं भांडवल जाईल. तुळजापूर इतिहासात ठेवाच, पण ‘सर्वेक्षण झालं, लाइन झाली नाही’ असं. हिंदुस्थानातल्या जवळजवळ प्रत्येक छोट्या कंपनीच्या दप्तरात अशी एक न झालेली लाइन असायची. त्यानेच इतिहास खरा वाटतो.

---

मालधक्का

वरचं सगळं मान्य. मालाबद्दल मी सांगतो, कारण मालवाहू रेल्वेच्या इतिहासात आधी माल येतो, इंजिनं नंतर.

सिमेंट काढून टाका. हिंदुस्थानात सिमेंटचा कारखाना नीट चालू झाला तो १९१४ च्या सुमारास पोरबंदरला. १९०० साली वैरागहून सिमेंट निघणं शक्य नाही. आपल्याकडची होटगी-टिकेकरवाडीची सिमेंट अगदी अलीकडची, आणि तीही मोठ्या लाइनवरची.

उसाचंही तसंच. पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरचा, १९५० चा. आपल्या जिल्ह्यात सहकारी कारखाने त्यानंतरचे. तोवर ट्रक आलेले. आणि ऊस तोडल्यावर दिवस-दीड दिवसात गाळला नाही तर साखरेचा उतारा पडतो. फडातून बैलगाडीत, बैलगाडीतून वाघिणीत, वाघिणीतून कारखान्यात, अशा दोन हाताळण्या त्याला परवडत नाहीत. कारखान्याची स्वतःची ट्रॉली लाइन असते ती थेट फडाच्या बांधापर्यंत जाते म्हणून चालते. तुमची रेल्वे फार तर साखरेची पोती आणि गूळ नेईल.

मग उरतो तो खरा माल. वैरागकडून मोहोळकडे रुईच्या गाठी, सरकी, करडई, तूर, रब्बी ज्वारी. मोहोळकडून वैरागकडे मीठ, रॉकेलचे डबे, इमारती लाकूड, लोखंड, सूत आणि इंजिनांचा स्वतःचा कोळसा. गिरण्यांचा कोळसा यात धरू नका. सोलापूरच्या गिरण्यांना कोळसा मोठ्या लाइनने थेट येई, त्याला मोहोळला उतरायचं कारण नाही.

जाणारा माल परतीच्या मालापेक्षा खूप जास्त, आणि तोही हंगामी. कापूस दिवाळीपासून माघापर्यंत, करडई-ज्वारी फाल्गुन-चैत्रात. ज्येष्ठ ते भाद्रपद लाइन जवळजवळ रिकामी. त्यामुळे वर्षभर एक वेळापत्रक दाखवू नका. हंगामात रोज दोन गाड्या, पावसाळ्यात आठवड्याला दोन. दुष्काळाच्या वर्षी उलटी गंगा: धान्य आणि कडबा मोहोळहून आत येतो. कडब्याने वाघीण छतापर्यंत भरते, पण वजन पाव भरत नाही. पाहणाऱ्याला हे लगेच कळतं, म्हणून लेआउटवर कडब्याची एक उघडी वाघीण ताडपत्रीसकट ठेवाच.

आता मोहोळचा धक्का. अडीच फुटी वाघिणीला चार आस, पाच टनांच्या हिशेबाने एकूण २० टन. रिकामं वजन पाचेक टन धरलं तर माल १५ टन. जुन्या चारचाकी ब्रॉडगेज बंद वाघिणीत साधारण २२ टन बसत. म्हणजे तीन छोट्या वाघिणी बरोबर दोन मोठ्या, ४५ ला ४४. म्हणून बदलाच्या धक्क्याची लांबी तीनाच्या पटीत ठेवा. छोट्या बाजूला सहा वाघिणी, मोठ्या बाजूला चार. पाच-चार अशी मांडणी केली की रोज एक अर्धी वाघीण अडकते, आणि अडकलेल्या मोठ्या वाघिणीचं विलंब शुल्क छोट्या कंपनीच्या खात्यात पडतं.

मांडणी अशी: मधे दहा-बारा फूट रुंद छपराचा धक्का, एका बाजूला ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला नॅरोगेज. दोन्ही वाघिणींची तळफळी एका पातळीत यायला हवी. छोट्या वाघिणीची फळी खाली असते, म्हणून तिचे रूळ भराव घालून वर उचलतात. हा उंचीतला फरक बहुतेक मॉडेलवाले विसरतात आणि दोन्ही रूळ एकाच पातळीत टाकतात. मग हमालाला १०० किलोचं पोतं घेऊन पायरी चढावी लागेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

रुईची पक्की गाठ त्या काळात ३९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ १७८ किलो. ती एकट्याच्या पाठीवर जात नाही. दोघं-चौघं आकडे लावून कलती करतात आणि हातगाड्यावर ढकलतात. १५ टनांच्या वाघिणीत वजनाने ८५ गाठी. आकड्याने गोणपाट फाटतं, रुई बाहेर येते, आणि नुकसानभरपाईचे दावे बहुतेक तिथूनच निघतात. शिवाय ठिणगी. इंजिनाच्या लगत उघडी कापसाची वाघीण कधी लावायची नाही. मधे मिठाची, लोखंडाची किंवा रिकामी वाघीण टाकायची. लेआउटवर गाडी जुळवताना हा क्रम पाळा.

---

सांधेवाला

गाडी किती मोठी, याचं उत्तर इंजिनावर कमी आणि तुमच्या सीनेवरच्या पुलावर जास्त अवलंबून आहे. गणित करून बघू.

०-८-४ इंजिनाचे चार जोडलेले आस, प्रत्येकी ५ टन, म्हणजे रुळाला धरणारं वजन २० टन. कोरड्या रुळावर त्याचा पाचवा हिस्सा ओढ धरली तर ४ टन, ८,९६० पौंड. सपाटीवर गाडीला टनामागे साधारण ८ पौंड ओढ लागते. शंभरात एक चढ असेल तर त्यात २२.४ पौंड मिळवा, झाले ३०.४. भागाकार केला की २९५ टन. इंजिनाचे २९ वजा, उरले २६६. म्हणजे कागदावर २० टनांच्या तेरा वाघिणी. वळणं, ओला रूळ, थकलेलं इंजिन धरून दहा. दहा वाघिणी म्हणजे १५० टन माल, किंवा ८५० गाठी. शेवटी गार्डाची ब्रेकव्हॅन. बाराच्या वर गाडी दाखवू नका.

आता पूल. सीना मोहोळ आणि वैरागच्या मधून वाहते, ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. दगडी कमानींचा उंच पूल जीआयपीसारख्या कंपनीला शोभतो. तुमची कंपनी मालवाहू, तीही हंगामी. ती फरशी घालेल. नदीच्या तळाशी बुटका दगडी बांध, त्यात मोऱ्या, वरून रूळ. पूर आला की पाणी वरून जाऊ द्यायचं. पावसाळ्यात लाइन बंद राहिली तरी कापूस अडत नाही, कारण तेव्हा कापूस शेतातच असतो. प्रवासी गाडी असती तर हे चाललं नसतं. तुमची लाइन फक्त मालाची आहे, हे दाखवायला फरशीइतकी बोलकी जागा दुसरी नाही.

फरशीत काय बिघडतं तेही सांगतो, मॉडेलवर दाखवता येईल. लाकडी स्लीपर पुरात तरंगतात आणि रुळाची शिडीच्या शिडी उचलली जाते. म्हणून फरशीवर लोखंडी नालीचे स्लीपर टाकायचे किंवा स्लीपर चुन्याच्या गिलाव्यात गाडायचे. लोखंडी स्लीपरला वाळवीही लागत नाही. पाणी ओसरलं की रुळांच्या मधे वाळू बसते आणि चाकाची कडा तिच्यावर चढते. गँगला फावडी घेऊन आधी वाळू काढावी लागते, मग रिकामं इंजिन चालवून बघायचं, मग गाडी. तिसरं म्हणजे खालच्या अंगाला पाणी आपटून तळ खणला जातो आणि फरशीचा पाया उघडा पडतो. तिथे मोठ्या दगडांची रचाई हवी. मॉडेलमध्ये प्रवाहाच्या खालच्या बाजूला ओबडधोबड दगड टाका, वरच्या बाजूला नकोत.

पण फुकट काही नसतं. फरशीवर उतरायचं म्हणजे दोन्ही काठांना तीव्र उतार. चाळिसात एक धरा. मग टनामागे ५६ अधिक ८, म्हणजे ६४ पौंड. ८,९६० ला ६४ ने भागलं की १४० टन, इंजिन वजा जाता १११. पाच वाघिणी! दहाची गाडी काठावर तोडून दोन खेपांत पार करावी लागणार. म्हणजे दोन्ही काठांवर एकेक लूप (बाजूचा रूळ) हवा, पाच-सहा वाघिणींचा, आणि एक पॉइंट्समनची (सांधे बदलणाऱ्याची) चौकी. पैसा पुलावर वाचवला, तो वेळेत आणि पगारात गेला.

---

माळढोक७६२

फरशीला विरोध नाही, पण कायमची नको. वेळेचा हिशेब बघा. ताशी १२ मैलांनी २२ मैल म्हणजे पावणेदोन-दोन तास. त्यात नदीवर गाडी तोडून जोडायला तासभर. हंगामात रोज दोन गाड्या दोन्ही दिशांनी घ्यायच्या तर एकाच लाइनवर कोंडी होणार, कारण लूपमध्ये उभ्या वाघिणींनी समोरून येणाऱ्या गाडीची जागा अडवलेली. शिवाय काठावर जोडण्या सोडलेल्या पाच वाघिणींचा हातब्रेक नीट आवळला नाही तर त्या थेट नदीत. लूपच्या नदीकडच्या टोकाला सुटलेल्या वाघिणी रुळावरून मुद्दाम उतरवणारा सापळा-सांधा बसवा. नाहीतर जाणकार पहिला प्रश्न तोच विचारेल.

त्यामुळे इतिहासात दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात फरशी. धंदा जमल्यावर, १९२० च्या दशकात, शेजारी दगडी खांबांवर लोखंडी तुळयांचा साधा पूल, ४० फुटी गाळ्यांचा. फरशी मोडू नका, बैलगाड्यांच्या वाटेसाठी तशीच राहू द्या. एकाच दृश्यात लाइनची दोन वयं दिसतील. बार्शी लाइन मिरजेला पोचली १९२७ मध्ये, म्हणजे त्या दशकात लाइट रेल्वेवर पैसा लावणारे लोक होतेच.

पहिल्या महायुद्धाचाही एक परिच्छेद टाका. त्या काळात हिंदुस्थानातल्या काही शाखा लाइन उखडून रूळ आणि इंजिनं मेसोपोटेमियाकडे पाठवली गेली. तुमची लाइन पूर्ण उखडू नका, पण वैरागच्या पुढे जिनिंग कारखान्यापर्यंत नेलेला दोन-तीन किलोमीटरचा फाटा तेव्हा गेला आणि परत आला नाही, असं लिहिलं तर पटतं. ३० पौंडी रुळाचं वजन मैलाला ४७ टन पडतं, पूर्ण लाइनला सुमारे १,०२५ टन. एवढ्या लोखंडावर सरकारची नजर जाणारच.

आणखी एक. वैरागहून बार्शी फार दूर नाही. ‘दोन्ही लाइन जोडल्या का नाहीत?’ हा प्रश्न येणार. गेज एकच ठेवलं की तो अटळ आहे. उत्तर तयार ठेवा: जोडल्या असत्या तर लातूर-बार्शीचा माल वैरागमार्गे मोहोळला वळला असता आणि बार्शी कंपनीचं कुर्डुवाडीपर्यंतचं भाडं बुडालं असतं. ती कंपनी जोडू कशाला देईल?

---

नॅरोगेज_सोलापूर

सर्वांचे आभार. गेज ७६२, लाइन १९०७ ची, सिमेंट-ऊस बाद, तुळजापूर फक्त सर्वेक्षणात, आधी फरशी मग पूल, दोन काठांवर लूप, सापळा-सांधा. पटलं.

आता शेवट सांगा. १९९४ ठेवू की नको? आणि वाघिणीवर कुठली अक्षरं रंगवू? मापंही कुणी तपासून देईल का?

---

कडबा_एक्सप्रेस

शेवटापासून सुरू करतो.

१९९४ टिकत नाही. या लाइनला मारणारं कारण पहिल्या दिवसापासून मोहोळच्या धक्क्यावरच होतं. ३५ किलोमीटरच्या प्रवासासाठी माल वैरागला एकदा चढवायचा, मोहोळला उतरवून परत चढवायचा. ट्रक वैरागच्या आडतीवर भरतो आणि थेट सोलापूरच्या गिरणीत उतरतो. मोहोळ पुणे–सोलापूर–हैदराबाद हमरस्त्यावर, म्हणजे शत्रू दारातच. बार्शी लाइन टिकली ती तीनशे किलोमीटरच्या वर लांबीमुळे आणि पंढरीच्या वारकऱ्यांमुळे. तुमच्याकडे लांबी नाही, आणि प्रवासी तर तुम्हीच नाकारलेत.

पटणारा क्रम असा. १९३० च्या दशकात लॉरीची स्पर्धा सुरू. सरकारलाही तेव्हा ती दिसली, मिचेल-कर्कनेस अहवाल त्याच प्रश्नावरचा, १९३३ चा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे लाइनला पुन्हा थोडे बरे दिवस. बार्शी लाइट रेल्वे सरकारने १ जानेवारी १९५४ ला घेतली, तुमचीही तेव्हाच द्या. मग १९६९ ची तोट्यातल्या शाखा लाइनांची समिती. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत बंद. १९७२ च्या दुष्काळात धान्य-कडब्यासाठी काही महिने पुन्हा सुरू करायचा मोह होईल. टाळा. तोवर रूळ उखडलेले असतील, आणि कडबा तेव्हा ट्रकनेच आला असता.

डिझेल १९५० ला नको. नॅरोगेजवर त्या साली कोळशाचंच राज्य होतं. तुमच्या लाइनवर शेवटपर्यंत वाफ ठेवा. त्यामुळे पाण्याची टाकीही हवी, मोहोळ आणि वैराग दोन्हीकडे. आपलं विहिरीचं पाणी जड, बॉयलरच्या नळ्यांवर पापुद्रा धरतो, वाफ कमी होते, कोळसा जास्त लागतो आणि नळी तापून फुटायची भीती. म्हणून पाण्यात सोडा टाकायचा आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर गार करून धुवायचा. याचाच अर्थ रोज एक इंजिन शेडमध्ये उभंच असणार. दोन गाड्यांना तीन इंजिनं ठेवा, दोन नव्हे.

अक्षरं. इथे बरेच जण फसतात. १९५४ पर्यंत कंपनीची. १९५४ ते ऑक्टोबर १९६६ मध्य रेल्वेची. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि सोलापूर विभाग तिच्यात गेला, तो १९७७ ला मध्य रेल्वेत परत आला. तुमची लाइन १९७०-७१ ला बंद होत असेल तर शेवटच्या वाघिणीवर दक्षिण मध्यची अक्षरं येतील, मध्यची नव्हे. सगळ्या वाघिणी एकदम रंगत नसत. दहातल्या दोन-तीन नव्या अक्षरांच्या, बाकी जुन्या, एखादीवर कंपनीची अक्षरं रंगाखालून अस्पष्ट दिसणारी. एवढं पुरे.

कागदपत्रं दाखवणार असाल तर: १९५७ च्या आधी रुपये-आणे-पै, वजन मणात. रेल्वेचा मण ८२ पौंडांच्या किंचित वर, म्हणजे १५ टनांची वाघीण ४०८ मणांची. १९१० सालच्या मालपावतीवर किलो लिहिले की खेळ खलास.

मापं १:८७ ला: ७६२ मिमी गेज भागिले ८७ म्हणजे ८.७६, बाजारात ९ मिमीचा रूळ मिळतो, त्याला एचओई म्हणतात. फरक डोळ्यांना दिसत नाही. २५ फुटी वाघीण ८७.६ मिमी, रुंदी २४.५ मिमी. वळणाची त्रिज्या वाघिणीच्या तिपटीहून कमी नको, २८० मिमी धरा. त्याखाली बोगी फिरते पण जोडणी ओढली जाऊन वाघीण आतल्या बाजूला कलंडते. खरी अडचण मोठ्या लाइनची आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिमी, ८७ ने भागलं की १९.३. बाजारातला एचओ रूळ १६.५ चा, तो युरोपी गेजसाठी. मोहोळच्या धक्क्यावर दोन्ही शेजारी येणार, तिथे मोठी लाइन अरुंद दिसते. वाघिणी नुसत्या उभ्या ठेवायच्या असतील तर तेवढा तुकडा हाताने १९.३ वर बसवा. गाडी चालवायची असेल तर १६.५ वर समाधान माना.

रूळ कोड ५५ चा (हा आकडा रुळाच्या उंचीचा) घ्या, कोड १०० नको. ३० पौंडी रुळाशेजारी कोड १०० म्हणजे राजधानी एक्स्प्रेसची लाइन वाटते.

---

सांधेवाला

एक भर. खडीखाली थेट काळी माती दाखवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भराव खचतो आणि रूळ वर-खाली होतात. त्यामुळे भरावावर आधी मुरमाचा थर, मग खडी. मॉडेलमध्ये खडीच्या कडेने बोटभर तांबूस पट्टा दिसला पाहिजे. नदीकाठच्या उतारावर तो जास्त रुंद, कारण तिथे दरवर्षी नवा मुरूम पडतो. मुरमाची खाण लाइनच्या कडेलाच असते. एखादा खड्डा खणून त्यात पाणी साचलेलं दाखवा.

---

मालधक्का

आणि लाइन बंद झाल्यावरचं दृश्य करायचं असेल तर जमीन विसरू नका. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतलेली पट्टी रूळ उखडले तरी रेल्वेच्याच नावावर राहते, सातबाऱ्यावर शेतांच्या मधून जाणारी एक अरुंद लांब पट्टी. शेतकरी कडेकडेने नांगर सारत जातो, गाव भरावावरून बैलगाडीची वाट काढतं, मोऱ्यांचे घडीव दगड हळूहळू घरांच्या जोत्यात जातात. रूळ आणि स्लीपर लिलावात जातात, पण सीनेवरच्या पुलाच्या तुळया काढल्या तरी खांब राहतात, कारण ते पाडायचा खर्च दगडाच्या किमतीपेक्षा जास्त. मोहोळचा धक्का मात्र मोडत नाहीत. नॅरोगेजच्या बाजूचे रूळ निघतात आणि त्याच उंचीवर ट्रक मागे घेऊन लावतात, ट्रकची फळी जवळपास तिथेच येते.